खदानीतलं घुबड आणि माझ्याकडचे अकरा फोटो

या लेखात जागेचं नाव येणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नागपूरपासून मोटरसायकलने तासाभराच्या आत, मुरूम काढून सोडून दिलेली एक खदान, एवढ्यावर भागवून घ्या. माणसांची नावंही गाळली आहेत.

माझी सीताबर्डीला फोटो लॅब आहे. पूर्वी रोल धुवायचो. आता अल्बम छापतो आणि लोकांच्या बसलेल्या मेमरी कार्डांतून लग्नाचे फोटो उपसून काढतो. गिऱ्हाइकांमध्ये पक्षी पाहणाऱ्यांचा एक ग्रुप आहे, तीसेक माणसं. रविवारी पहाटे अंबाझरी, नाहीतर गोरेवाडा, परतताना तर्री पोहे, आणि मग दुपारभर व्हॉट्सॲपवर फोटोंचा पाऊस. ग्रुपचा नियम एकच, पण कडक: घरट्याची जागा सांगायची नाही.

गेल्या फेब्रुवारीत त्यांच्यातल्या तिघांना त्या खदानीत शृंगी घुबडाचं घरटं सापडलं. घरटं आपलं म्हणायचं म्हणून. हे घुबड काड्या गोळा करत बसत नाही, मातीच्या कड्यात एखादी कपार बघून उघड्या जमिनीवरच अंडी घालतं. कपारीत दोन पिल्लं होती. तिघांपैकी एक बँकेतून निवृत्त झालेले काका, त्यांच्याकडे नवा मिररलेस कॅमेरा आणि पोराने घेऊन दिलेली लांब लेन्स. दुसरी एम.एस्सी. करणारी मुलगी. तिसरे ग्रुप चालवणारे दादा. पिल्लं उडेपर्यंत ग्रुपातही जागा सांगायची नाही, असं तिघांनी तिथंच उभ्याउभ्या ठरवलं.

तीन आठवड्यांनी दादा पुन्हा गेले तर खदानीच्या तोंडाशी चारचाकींच्या टायरचे माग. शेजारी गुरं चारणाऱ्याने सांगितलं ते त्याच्याच बोलीत देतो: "रातच्याले बॅटऱ्या मारतेत भाऊ थे. अन् मोबाइलात घुबडाचा आवाज लावतेत. खरं ओरडून रायलं का खोटं, मलेच समजत नाही."

आवाज लावून पक्ष्याला बाहेर काढायची ही युक्ती फोटोवाल्यांची. तिच्यापायी पिल्लांना भरवणारी मादी रात्र रात्र दुसऱ्या घुबडाला हुसकावायला उठते, आणि समोर दुसरं घुबड नसतंच. पण दादांना धास्ती फोटोवाल्यांची नव्हती. घुबड धरून अमावास्येला विकणारे लोक आपल्याकडे आहेत, दिवाळीच्या तोंडावर तर जास्तच. जागा एकदा फुटली की ती कोणाच्या कानावर जाईल, यावर आपला ताबा राहत नाही.

संशय

बोट आधी मुलीकडे गेलं. तिने इन्स्टाग्रामवर पिल्लाचा एक फोटो टाकला होता. जागेचं नाव नव्हतं, पण "तिनेच टाकलं" एवढं लोकांना पुरलं. ग्रुपवर तिला नको ते बोलले. तिने लिहिलं, "मी जागा कुठंच टाकलेली नाही," आणि ग्रुप सोडला. दुसरं बोट गुराख्याच्या पोराकडे: पैसे घेऊन दाखवत असेल. त्याला तर कोणी विचारलंही नाही. तो ग्रुपात नव्हता, त्यामुळे त्याला सोडताही येईना.

दादा माझ्या दुकानात आले. "तू मशीनवाला आहेस. पाहून सांग नं, फोटोतून काही निघते का."

मी म्हटलं, निघतं. फोटो घेऊन या, पण व्हॉट्सॲपवर पाठवू नका. यावर त्यांनी लगेच व्हॉट्सॲपवर पाठवले. हे नेहमीचं आहे.

फोटोच्या पाठीवर लिहिलेलं

रोलच्या काळात आम्ही प्रिंटच्या मागे पेन्सिलने पाकीट नंबर लिहायचो. काही गिऱ्हाइकं घरी जाऊन त्याच पाठीवर तारीख, गाव, कोणाचं लग्न, सगळं उतरवून ठेवायची. डिजिटल फोटोलाही अशी पाठ असते, फक्त ती फाइलच्या आत असते आणि कॅमेरा ती न विचारता भरतो. या नोंदींचा जो साचा सगळे कॅमेरे पाळतात त्याला एक्झिफ म्हणतात. जपानच्या इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने तो १९९५ मध्ये आणला. शटर, ॲपर्चर, आयएसओ, लेन्स, तारीख-वेळ, कॅमेऱ्याचं मॉडेल, बऱ्याच कॅमेऱ्यांत बॉडीचा सिरीयल नंबरही, आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश, रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची. फोनमध्ये तर कॅमेरा कोणत्या दिशेला तोंड करून होता तेही.

लोकेशन किती बारीक असतं याची लोकांना कल्पना नसते. अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जमिनीवर साधारण ३१ मीटर. आपल्या नागपूरच्या पट्ट्यात रेखांशाचा सेकंद २९ मीटरच्या आसपास. फाइलमध्ये सेकंदाचेही अपूर्णांक लिहिलेले असतात. मोकळ्या आभाळाखाली फोन पाच-दहा मीटरपर्यंत बरोबर सांगतो. म्हणजे गाव सोडा, कड्याची कोणती बाजू हेही कळतं. २०१२ च्या डिसेंबरात अँटिव्हायरसवाला जॉन मॅकफी पोलिसांना चुकवत फिरत होता. त्याच्यासोबत असलेल्या पत्रकारांनी आयफोनवर काढलेला त्याचा फोटो छापला आणि फाइलमधल्या अक्षांश-रेखांशावरून तो ग्वाटेमालात आहे हे जगाला कळलं.

आता व्हॉट्सॲप. तिथे फोटो 'फोटो' म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि त्यात ही पाठ पुसली जाते. नावही बदलतं: आयएमजी, मग तारीख, मग डब्ल्यूए आणि एक आकडा. ती तारीख फोटो व्हॉट्सॲपवर आला-गेला त्या दिवसाची, काढल्याची नव्हे. यावरूनही लोक भांडतात. पण तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर अख्खी फाइल जशीच्या तशी जाते, पाठीसकट. ईमेलची जोडणी, ड्राइव्हची लिंक, पेनड्राइव्ह, सगळीकडे तेच. इन्स्टाग्राम आणि फेसबुक दाखवताना या नोंदी काढून टाकतात. त्यांच्या स्वतःकडे काय राहतं हा वेगळा विषय.

म्हणून मुलीचा फोटो मी सर्वात आधी पाहिला. इन्स्टाग्रामवरून उतरवलेल्या प्रतीत काहीच नव्हतं. तिने पाठवलेली मूळ फाइलही मागवून पाहिली. तिचा फोन जुना, कॅमेऱ्याचं लोकेशन तिने कधीच बंद करून ठेवलेलं. एक शंका आणखी असते. फाइलमध्ये टिकलीएवढा एक छोटा फोटोही दडलेला असतो, आणि काही जुनी सॉफ्टवेअरं मोठा फोटो कापतात पण हा छोटा तसाच ठेवतात, म्हणजे कापून टाकलेलं त्यात दिसतं. तेही पाहिलं. कोरं होतं. उरलं चित्रातलं दृश्य: पिल्लू, माती, एक मुळी. त्यावरून जागा ओळखणारा माणूस असेल तर त्याला माझा नमस्कार.

मुलगी सुटली. हे मी दादांना त्याच दिवशी सांगितलं. त्यांनी ते ग्रुपवर टाकायला चार दिवस लावले.

काकांचा लॅपटॉप

काका धरमपेठेत राहतात. त्यांच्या लॅपटॉपवर प्रत्येक सहलीचं वेगळं फोल्डर, त्यावर तारीख. बँकेची शिस्त. त्या संध्याकाळचे ६२ फोटो होते. मी एक्झिफटूल लावलं. फिल हार्वी नावाच्या माणसाने २००३ पासून फुकट दिलेला हा छोटा प्रोग्रॅम, दिसायला रुक्ष, पण फाइलमधलं दडलेलं काढण्यात याच्या तोडीचं मला काही माहीत नाही. यादी वर सरकू लागली आणि काकांनी चष्मा पुसला.

प्रत्येक फोटोत लोकेशन.

"पण माझ्या कॅमेऱ्यात जीपीएस नाहीच बा. घेताना विचारलं होतं दुकानदाराले."

खरंच नव्हतं. पण आजकालचे बरेच मिररलेस कॅमेरे ब्लूटूथने फोनशी जोडता येतात आणि फोनमधलं लोकेशन उचलून फोटोत लिहितात. काकांच्या मुलाने दिवाळीत कॅमेरा कंपनीचं ॲप फोनवर टाकून दिलं होतं, फोटो लगेच फोनवर यावेत म्हणून. ॲपने लोकेशनची परवानगी मागितली, काकांनी 'हो' दाबलं. त्या दिवसापासून त्यांचा कॅमेरा पत्ता लिहीत होता.

मी ६२ बिंदू नकाशावर टाकले. पहिले नऊ डांबरी रस्त्यावर, चहाच्या टपरीपाशी; मग पायवाट; मग एका वळणावर थांबलेले सहा, बहुधा तिथे नीलकंठ दिसला असावा; आणि शेवटचे ३१ खदानीच्या तळाशी एका घोळक्यात. घुबडाच्या घराचा नुसता पत्ताच नव्हे, तिथपर्यंत जायचा रस्ताही. काका बराच वेळ नकाशाकडे पाहत राहिले.

आणखी एक गोष्ट निघाली. काका नीटनेटके असल्यामुळे त्यांनी निवडक फोटोंच्या 'कॅप्शन'च्या रकान्यात टाइप केलं होतं: गावाचं नाव, आणि "पिंपळाच्या मागून उतरावे". हा रकाना एक्झिफचा नव्हे. वर्तमानपत्रांच्या कामासाठी आयपीटीसी या वृत्तसंस्थांच्या संघटनेने केलेली एक पद्धत आहे आणि ॲडोबीची २००१ ची एक्सएमपी, या दोन्हींत माणसाने स्वतः लिहिलेला मजकूर बसतो: कॅप्शन, की-वर्ड, शहर, छायाचित्रकाराचं नाव. लोकेशन पुसणारं साधं ॲप या रकान्यांना बहुतेक वेळा हातही लावत नाही.

हे फोटो कुठे कुठे गेले? काकांनी वही काढली. (वही होती!) व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन, फोटो म्हणून; ते कोरे. मुलाला ईमेलने पाच. एका छायाचित्र स्पर्धेला चार. आणि अकरा, छपाईसाठी ड्राइव्हच्या लिंकने, माझ्या लॅबला.

इथे मलाच चष्मा पुसावासा वाटला. अकरा फोटो तीन आठवडे माझ्या मशीनवर पडून होते, पत्त्यासकट. मी रंग पाहिले, कड पाहिली, छापले, आणि फोल्डर तसंच सोडलं. माझ्या दुकानात दोन मुलं कामाला असतात, मशीनला पासवर्ड चिकटपट्टीवर लिहून स्क्रीनला लावलेला. दुसऱ्यांना उपदेश करायला निघालेल्या माणसाने हे लिहून ठेवावं, म्हणून लिहितो.

स्पर्धेचं असं होतं. आयोजकांनी मूळ फाइल मागितली होती, आणि त्यात गैर काहीच नाही. फोटो खरा आहे, दोन जोडून एक केलेला नाही, याच वर्षी काढलेला आहे, हे पाहायला परीक्षकांना एक्झिफ लागतोच. पण आलेल्या सगळ्या फाइली एका उघड्या लिंकच्या फोल्डरमध्ये ठेवल्या गेल्या आणि ती लिंक स्पर्धकांच्या ग्रुपवर फिरली, "बाकीच्यांचेही पाहा" म्हणून. फाइल उतरवून फोनच्या गॅलरीत तपशील उघडला की खाली छोटा नकाशा, त्यावर टाचणी. काही शिकावं लागत नाही.

तिथूनच गेलं का? माझं मत: हो, बहुधा. लिंक फिरल्याची तारीख आणि गुराख्याने सांगितलेली पहिली गाडी यांत चार दिवसांचं अंतर होतं. पण कोणी उतरवलं, कोण गेलं, हे मला सिद्ध करता येणार नाही. मुलीच्या बाबतीत याहून कमी पुराव्यावर निकाल लावला गेला होता, म्हणून हा शब्द मी जपून वापरतो. आयोजकांना कळवल्यावर त्यांनी फोल्डर बंद केलं.

सगळं पुसलं

मी घरी आलो. काकांना रात्री झोप आली नाही. त्यांनी फोनवर एक ॲप शोधलं, लॅपटॉपवर दुसरं, आणि पहाटेपर्यंत त्या फोल्डरमधले ६२ फोटो, बाहेरच्या हार्डडिस्कवरची प्रत, फोनवरच्या प्रती, सगळ्यांची पाठ धुऊन काढली. मूळ फाइलवरच. सकाळी मला फोन: "झालं सगळं साफ. आता एक टिपूस राहिला नाही."

मी विचारलं, मूळ कुठे ठेवले? काका गप्प.

आधी तर फोटोंचंच नुकसान झालं होतं. सरसकट सगळं काढलं की फोटो उभा का आडवा हे सांगणारी नोंदही जाते, म्हणून उभे फोटो आडवे पडले. रंगांची प्रोफाइल गेली, म्हणून काही फोटोंतली माती करडी दिसू लागली. फोनवरच्या ॲपने तर फाइल नव्याने दाबून जतन केली होती, पिसांचे बारकावे धुऊन निघाले. डोक्यावरची टिकली काढायला सांगितली आणि यांनी डोकंच उतरवलं.

खरी अडचण दोन आठवड्यांनी आली. खदानीत जेसीबी उतरला. सोडून दिलेल्या खदानीतून कोणीतरी पुन्हा मुरूम काढू लागलं, कपारीपासून तीसेक पावलांवर. दादांनी वनविभागाकडे आणि तहसीलला अर्ज दिला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात पक्ष्यांच्या अंड्यांना, घरट्यांना त्रास देणंही येतं, त्यामुळे अर्जात दम होता. खोदणाऱ्याचं म्हणणं मात्र सरळ होतं: इथे घरटं कधी नव्हतंच, हे शहरातले लोक कुठलाही फोटो आणून दाखवतात.

अधिकारी सभ्य होते. त्यांनी विचारलं, फोटो केव्हाचा, कुठला, मूळ फाइल आहे का? आणि काकांच्या ६२ फोटोंना आता ना तारीख होती ना जागा. जगातल्या कुठल्याही खदानीतलं, कुठल्याही वर्षीचं घुबड.

मला इथे रानपिंगळ्याची गोष्ट आठवते. १८८४ नंतर ११३ वर्षं हे छोटं घुबड कोणा अभ्यासकाला दिसलं नव्हतं. संग्रहालयांत पेंढा भरलेले मोजके नमुने, आणि प्रत्येकाच्या पायाला चिठ्ठी: कुठे मिळाला, केव्हा, कोणाला. त्यातला एक नमुना रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याचा, १९१४ साली गुजरातेत मांडवीला मिळवलेला, असं चिठ्ठी म्हणत होती. पक्षी-अभ्यासक पामेला रासमुसेन यांनी ती चिठ्ठी खोटी ठरवली. नमुना खानदेशातून आधीच कोणी मिळवलेला, संग्रहालयातून चोरून नवी चिठ्ठी लावलेला. त्यांनी खोटी चिठ्ठी बाजूला ठेवली, खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागा धरल्या, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये आपल्या नंदुरबारकडे शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. फोटोच्या पाठीवरच्या अशा नोंदींना आज मेटाडेटा म्हणतात. हा शब्द त्या चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांना माहीत नव्हता, पण पक्षी सापडला तो त्यांच्या खऱ्या नोंदींमुळे. काकांनी एका रात्रीत अशा ६२ चिठ्ठ्या जाळल्या होत्या.

मेमरी कार्ड? त्यावर मधल्या काळात नातवाची मुंज झाली होती. मी कार्ड खरवडून पाहिलं. बटू निघाला, मातृभोजन निघालं, घुबड निघालं नाही. मुलाला ईमेलने गेलेले पाच त्याने कधीच पुसले होते, आणि काकांनी आपल्या 'सेंट'मधूनही त्या रात्री काढले होते.

उरले माझ्याकडचे अकरा. ज्या ढिलाईची मला लाज वाटत होती तीच आता कामाला आली.

वेळ जुळवणं

अकरा फोटो घेऊन बसलो तेव्हा आणखी एक गुंता. कॅमेऱ्याने लिहिलेली वेळ संध्याकाळची ५:४८, आणि त्याच फोटोतली जीपीएसची वेळ १२:०४. काका घाबरले, "म्हणजे दुपारी काढला म्हणतीन ते." जीपीएसची वेळ जागतिक असते, तिच्यात साडेपाच तास मिळवायचे: ५:३४. तरी चौदा मिनिटं उरतात. ही चौदा मिनिटं कशाची?

दोन शक्यता. एक, कॅमेऱ्याचं घड्याळ पुढे. दुसरी, फोनने लोकेशन चौदा मिनिटांपूर्वीचं दिलं, आणि तसं असेल तर जागाही आधीची, म्हणजे पायवाटेवरची असू शकते. हा फरक कागदावर महत्त्वाचा. मी अकराही फोटोंतला फरक काढला: प्रत्येकात चौदाच मिनिटं, पुढेमागे काही सेकंद. शिळं लोकेशन असतं तर हा आकडा कमीजास्त झाला असता. मग काकांचा कॅमेरा फोनशेजारी धरून पाहिला. घड्याळ चौदा मिनिटं पुढे. गुंता सुटला.

हा घोळ मुळात का होतो? एक्झिफमध्ये वेळ लिहिताना ती कोणत्या देशाच्या घड्याळाची हे लिहायला कित्येक वर्षं जागाच नव्हती. ती सोय २०१६ च्या २.३१ आवृत्तीत आली, आणि अजून सगळे कॅमेरे ती भरत नाहीत.

ही सगळी माहिती बदलता येते, हे मात्र मी अर्जासोबतच्या टिपणात स्पष्ट लिहिलं. ज्या एक्झिफटूलने मी वाचतो त्यानेच कोणीही तारीख बदलू शकतो. म्हणून एक्झिफ एकटा उभा केला नाही. सोबत दादांचं म्हणणं, गुराख्याचं म्हणणं, माझ्या बिलाची तारीख, ड्राइव्हच्या लिंकचा ईमेल, आणि मातीच्या कड्यावरची तीच मुळी आजच्या फोटोत. गुराख्याचा जबाब सर्वात नेमका होता. ज्याच्या पोरावर संशय घेतला, त्यानेच जेसीबी कोणत्या वारी आला ते सांगितलं.

कोर्टापर्यंत गोष्ट गेली नाही. गेली असती तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आलं असतं. इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्याचे दोन भाग, एक साधन ज्याच्या ताब्यात आहे त्याचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश लिहावी लागते. हॅश म्हणजे अख्ख्या फाइलवर गणित करून काढलेला एक लांबलचक आकडा. फाइलमधलं एक अक्षर हललं तरी आकडा पार बदलतो. मी अकरा फाइलींचे आकडे त्याच दिवशी काढून, छापून, खाली सही-तारीख टाकली.

पंचनामा झाला, जेसीबी त्या भिंतीपासून हटला. एप्रिलअखेर दादांना एक पिल्लू बाभळीवर बसलेलं दिसलं. दुसऱ्याचं माहीत नाही.

आता काय चालतं

ग्रुपला मी एकच व्यवस्था लावून दिली: मूळ फाइल कधी पुसायची नाही आणि कधी पाठवायची नाही. मूळ फोटो दोन ठिकाणी, कुलपात. बाहेर जाईल ती प्रत. प्रतीतून फक्त जीपीएसचा गट आणि हाताने लिहिलेले जागेचे रकाने काढायचे. शटर, लेन्स, तारीख, छायाचित्रकाराचं नाव राहू द्यायचं. स्पर्धेच्या परीक्षकालाही एवढं पुरतं, आणि नाव पुसलं तर उद्या फोटो दुसऱ्याच्या भिंतीवर दिसतो तेव्हा बोंबलायला जागा राहत नाही. अंड्या-पिल्लांच्या दिवसांत, स्पर्धा असो नसो, घरट्याचा फोटो बाहेर काढूच नये असं माझं मत आहे. ग्रुपात ते सगळ्यांना पटलेलं नाही.

कसं काढायचं ते ज्याच्या त्याच्या साधनावर. विंडोजमध्ये फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स. तळाशी माहिती काढण्याची ओळ असते, तिथे 'प्रत बनवा' हाच पर्याय घ्यायचा; त्या प्रतीतलं जमेल तेवढं सगळंच निघतं, पण मूळ शाबूत राहतं. आयफोनवर शेअर करताना वर 'ऑप्शन्स'मध्ये लोकेशन बंद करता येतं. लाइटरूम हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना एक्स्पोर्टच्या चौकटीत लोकेशन काढायची खूण आहे. अँड्रॉइडवर १० व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, फोटोतलं लोकेशन वाचायला ॲपला वेगळी परवानगी लागते. ती कोणाकोणाला दिली आहे ते एकदा पाहा, बायोडेटा बनवायच्या ॲपलाही दिलेली सापडेल. आणि कॅमेऱ्याचं फोनवरचं ॲप: तिथलं लोकेशन बंद. काकांनी मात्र ते चालूच ठेवलंय. "मले पुढच्या वर्षी थी जागा सापडली पाहिजे नं," म्हणतात. मूळ बाहेर जात नसेल तर माझी हरकत नाही.

आयनॅचरलिस्ट या पशुपक्षी-झाडांच्या नोंदी ठेवणाऱ्या साइटवर फोटो टाकणाऱ्यांना एक सूचना. ती साइट फोटोतलं लोकेशन आपोआप उचलते, हे चांगलंच आहे. पण जागा 'झाकलेली' ठेवायचा पर्याय निवडला तर ती लोकांना अक्षांश-रेखांशाच्या ०.२ अंशाच्या चौकोनात कुठेतरी दाखवते. नागपूरकडे हा चौकोन सुमारे २२ किलोमीटर उंच आणि २१ रुंद. तेवढ्यात शोधत बसा म्हणावं घुबड.

आणि जे कोणतंही ॲप काढू शकत नाही ते डोळ्यांनी पाहायचं. काकांच्या एका रुंद फोटोत खदानीमागे गिट्टी क्रशर आणि टॉवर एका रेषेत होते. सगळा मेटाडेटा पुसूनही त्या भागातला कोणताही ट्रकवाला जागा सांगेल.

काका मुलीकडे स्वतः गेले, संत्रा बर्फीचा डबा घेऊन. ती ग्रुपात परत आली नाही, पण दुकानात येते. मागच्या महिन्यात आली तेव्हा तिने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दादा, एक विचारू? तुमच्याकडचे ते अकरा अजून आहेत?"

मी ड्रॉवर उघडून दाखवला. पेनड्राइव्ह, हॅशचा कागद, दोन्ही एका पाकिटात, पाकिटावर लाख. मशीनवरचे मिटवलेत, चिकटपट्टीही काढली.

तिने पाकीट उलटं केलं. मागे मी सवयीने पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं: गावाचं नाव, खदान, पिंपळ.

तिने खोडरबर मागितला.